जालम्याची ओंजळ

“थांबवा, थांबवा! इथेच!” ऋषभ ओरडला.

भीमाबाईंनी रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर जालम्या गुडघ्यांवर बसलेला, ओंजळ तोंडाशी. वरून पडणारी पाण्याची धार हवेतच थबकली.

“क्या शॉट है भिया! वेब सिरीजवालाच बेस्ट.”

“मराठीत,” भीमाबाई म्हणाल्या.

“काय शॉट आहे भिया!”

सगळी मुलं हसली. भीमाबाईही हसल्या.

शहरातल्या पलासिया भागात सोनलच्या घरी, हॉलमध्ये दर रविवारी सकाळी हा मराठीचा वर्ग भरे. मुलं सात. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य कुठे जाऊन उतरेल, याचा नेम नसे. भीमाबाई महूहून बसने येत. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण मुलाला एखादी गोष्ट उमगते तेव्हाचा त्याचा चेहरा बघायची सवय सुटली नव्हती. महूच्या त्यांच्या दोन खोल्यांत एवढी मुलं मावली नसती, आणि आईबापांनी तिथवर धाडलीही नसती. सोनलने हॉल दिला म्हणून वर्ग चालला होता.

आजचा धडा जालम्या. मानपूरच्या घाटात सरकारी खजिना लुटून गोरगरिबांत वाटणारा बंडखोर. त्याच्यावर आधी एक कृष्णधवल सिनेमा निघाला, मग टीव्हीवर मालिका झाली, आता वेब सिरीज आली. बाईंनी तिन्हींतला एकच प्रसंग दाखवला होता. पकडला जाण्याआधी जालम्या पाणी पितो, तो. वहीत तीन रकाने आखून घेतले होते. “दिसतं तेवढंच लिहा. आवडलं-नावडलं नंतर.”

देवांशने वाचून दाखवलं. “पाणी कोण देतं? सिनेमात पुजाऱ्याची मुलगी, मालिकेत जहागीरदाराची बहीण, सिरीजमध्ये गोऱ्या साहेबाची मेम. पोलिसांना खबर कोण देतं? सिनेमात सावकार, मालिकेत जालम्याचा भाऊ, सिरीजमध्ये गर्लफ्रेंड. काहीच सेम नाही, बाईजी.”

सोनल ट्रे घेऊन आली. “पाणी घ्या, भीमाजी. पोहे होतातच आहेत.” मुलांनी स्टीलचे ग्लास उचलले. भीमाबाईंनी आपला कागदाचा उचलला, दोन घोट घेतले आणि टीपॉयवर ठेवला.

“फरक तर कुणालाही दिसतो,” त्या म्हणाल्या. “तिन्हीकडे सारखं काय आहे, ते शोधा. मला घाई नाही.”

मुलं वह्यांत डोकं घालून बसली. सोनलची मुलगी श्रेया दहा वर्षांची, बोलायला हळू. तिने तिन्ही तुकडे पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाली, “तिन्हीकडे तो ओंजळीने पितो. आणि बाई वरून ओतते. लोटा त्याच्या हातात कुणीच देत नाही.”

“शाबास!”

“पण का नाही देत? आणि खरं काय झालं होतं?”

भीमाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. याआधी दुसऱ्या एका घरी भरणाऱ्या वर्गात त्यांनी एकदा घरची गोष्ट सांगितली होती. पंधरा दिवसांत निरोप आला होता, जागा रिकामी नाही म्हणून. आता हा वर्ग बंद पडला, तर तिसरा मिळायचा नव्हता.

श्रेया पेन्सिल धरून वाट बघत होती.

“खरं काय ते सांगायला आज कुणी उरलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या घरात एक गोष्ट चालत आली आहे. चौथा रकाना आखा.”

मुलांनी पट्ट्या काढल्या.

“माझी पणजी घाटाखालच्या एका गावात राहायची. गावाच्या आत नाही, बाहेर. तिला विहिरीला हात लावायची परवानगी नव्हती. कुणी दया करून पाणी दिलं तर असंच, वरून, ओंजळीत. भांड्याला तिचा हात लागू नये म्हणून.”

“मग सिनेमावाल्यांनी जालम्याला तसं का पाजलं?” ऋषभने विचारलं.

“त्यांना धार छान दिसली असेल,” बाई म्हणाल्या. “जालम्याला त्या गावाने तीन दिवस लपवलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पणजीच्या दारावरून चालला होता. तहानलेला. पाणी दे म्हणाला. ती म्हणाली, दादा, आमचं चालायचं नाही तुम्हाला. त्याने तिच्या हातातून लोटा घेतला आणि तोंडाला लावला. सगळा प्यायला. गावाने ते पाहिलं. सकाळी पोलीस आले.”

“बक्षिसासाठी खबर दिली?” देवांश म्हणाला.

“बक्षीस होतं ना, मोठं. ते मागायला कुणीच गेलं नाही.”

हॉलमध्ये नुसता पेन्सिलींचा आवाज होता. पोह्यांच्या बश्या हातात धरून सोनल दारात उभी होती. किती वेळ, ते भीमाबाईंना कळलं नव्हतं. त्यांनी रिमोट खाली ठेवला, पर्स जवळ ओढली. साडेअकराची बस मिळाली असती.

“लिहून झालं?” त्यांनी विचारलं.

श्रेयाचं झालं नव्हतं. ती टीपॉयकडे बघत होती. तिने बोटाने एकेक मोजलं, सगळं मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजलं, आणि वहीकडे वळत विचारलं, “बाईजी, आमचे सातही ग्लास स्टीलचे आहेत. तुमचा दर रविवारी कागदाचा असतो. हे कुठल्या रकान्यात लिहू?”