औंढ्यातली एकच लाल खूण

"आज बी हायेत, मावशी," रांजणात बॅटरी मारत सविता म्हणाली. "तीन-चार अळ्या. बारीक हायेत, तुमाला दिसायच्या न्हाईत."

"आगं बया," भागुबाई म्हणाली, आणि कुडावर वाळत घातलेला ओला काथ्या बाजूला सारून चहाचं आधण ठेवायला आत गेली.

सविता औंढ्याची आशाताई. शुक्रवार हा गावाचा कोरडा दिवस. घरोघरी साठवणीचं पाणी उपसून भांडी कोरडी करायची, डासांना अंडी घालायला जागा म्हणून ठेवायची नाही. गेल्या साली डेंगीनं गावातली चांगली दोन धडधाकट माणसं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून लोक हा नेम उपासासारखा पाळत. तपासणीत ज्या घरी अळी सापडेल त्याच्या चौकटीवर गेरूची लाल खूण, आणि तिथं दर शनिवारी सविताची फेरी. स्वच्छ घराला चुन्याची पांढरी खूण. तिथं महिन्यातून एकदाच.

अख्ख्या गावात लाल खूण एकट्या भागुबाईच्या दाराला. तेरा आठवडे ती पुसली गेली नव्हती.

शेजारची हिरा जाता-येता टोमणा हाणायची, "काय गं भागू, औंदा भात सोडून डासांचं पीक घेतीस का?"

भागुबाई हसण्यावारी न्यायची. लाज वाटायची, नाही असं नाही. सगळं आयुष्य अब्रूनं काढलेली बाई ती. पण शनिवार उजाडला की तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे. मुलगा सुहास नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपनीत, बिऱ्हाड तळेगावात. सणावारी यायचा, तोही घड्याळ बघत. पोटी लेक नव्हती. लेक असती तर अशीच पाय पसरून, गवती चहाची पात जास्त टाकायला सांगत बसली असती, असं सविताकडे बघून तिला वाटायचं.

"माजी आई अशीच पात टाकायची," सविता एकदा बोलून गेली होती. लॉकडाउनात आई गेली, आणि हिला तिचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

आज आधणाला उकळी फुटते न फुटते तोच दारात मोटारसायकल थांबली. तालुक्याहून पाहणीला आलेले राजेंद्र साहेब.

"तेरा आठवडे एकाच घरात अळी? बघू तरी."

साहेबांनी रांजणात बॅटरी धरली. पांढऱ्या ताटलीत पाणी घेतलं, ओतलं, परत घेतलं. तळाला हात घालून बघितलं. मग सविताच्या हातातली वही उघडली.

"सविताताई, इथं एकही अळी नाही. आणि वहीत आजच्या तारखेला तुम्ही चार लिहिल्यात?"

सविताच्या तोंडचं पाणी पळालं. खोटी नोंद सापडली की काम गेलंच, हे तिला माहीत होतं, आणि भागुबाईलाही.

भागुबाई चुलीपासून उठली. "सायेब, तिच्यावर कशापायी डाफरताय? व्हत्या अळ्या. तिनं दावल्या तशी म्या समदं पानी वतलं, आन् नळाचं ताजं भरलं. आमाला बी लाज हाय की!"

"ही लाज आधी वाटली असती तर बरं झालं असतं, आजी," साहेब नरमले. त्यांनी फडक्यानं लाल खूण पुसली आणि चुन्याचं बोट ओढलं. "आता महिन्यानं या इथं, ताई."

मोटारसायकल वळणापलीकडे गेली. दोघी त्या पांढऱ्या खुणेकडे बघत उभ्या राहिल्या. आत चहा उतू गेला, पण कुणी हललं नाही. मग सविताला रडू आवरेना.

"मावशी, माफ करा मला. नुसतं यायचं म्हनलं तर सासूबाई सोडत न्हाईत. लाल खूण असली की हितं यायला मिळायचं, म्हनून लिवत गेले. तुमची गावात नाचक्की केली. रांजणात अळी कदी नव्हतीच, एकदाबी न्हाई."

भागुबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"दर सुक्रवारी काथ्यानं घासून, पुसून कोरडा करते त्यो रांजण," ती म्हणाली, "आन् शनवारी तू यायच्या आदी नळाचं पानी भरते. मला ठावं नसंल व्हय, पोरी?"