नववी जोडी

"तू मोजायचं नाहीस," मॅडम म्हणाल्या. "आपली काचपट्टी आपण बघायची नाही. हा कागद भिंतीवर तूच चिकटवलायस."

ती खुर्चीवरून उठून मागे उभी राहिली. या प्रयोगशाळेत सात वर्षं तिनं दुसऱ्यांच्या बाळांची गुणसूत्रं मोजली होती. आज सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या बाळाची होती. रक्ताच्या चाचणीत एकविसाव्या जोडीबद्दल शंका आली होती. तिथं दोनाऐवजी तीन असण्याची, म्हणजे डाउन सिंड्रोमची. खात्रीसाठी सुईनं गर्भजल काढलं, त्यातल्या पेशी वाढवल्या. बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत ती आणि नवरा एकमेकांशी फक्त भाजी आणि वीजबिलाबद्दल बोलले.

मॅडम सावकाश मोजत होत्या. विसाव्या पेशीनंतर त्यांनी चष्मा काढला.

"सेहेचाळीस. सगळ्या पेशींत सेहेचाळीस. एकवीस नंबरची दोनच. आता बस खाली, पडशील."

तिनं नवऱ्याला फोन लावला. आकडा सांगितला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय. नाक पुसतोय. आईला सांगू?"

"सांग."

"ती गल्लीभर करेल."

"करू दे."

मॅडमनी जोड्यांचा तक्ता छापून तिच्यापुढे सरकवला. "घे, आता बघ हवं तेवढं." आणि रिपोर्ट पुढ्यात ओढून पेन शोधू लागल्या.

तिनं आधी एकविसावी जोडी पाहिली. दोनदा पाहिली. मग सवयीनं पहिल्यापासून सुरुवात केली. नवव्या जोडीवर तिचं बोट थांबलं.

एका गुणसूत्राचा मधला तुकडा उलटा बसलेला. दुसरं कमरेशी, जिथं गुणसूत्र चिमटल्यासारखं दिसतं तिथं, जरा जास्तच लांब. दोन्ही निरुपद्रवी. दोन्ही तिच्या ओळखीची. रसायनं नीट चालतात का हे पाहायला दर सोमवारी एका निरोगी माणसाचं रक्त तपासायला घेत. सात वर्षं ते रक्त तिचंच असे.

बाळ आईकडून जोडीतलं एकच घेतं. दुसरं बापाचं असतं.

सुईतून येणारं पहिलं पाणी टाकून देतात, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. त्या दिवशी पाणी जेमतेम निघत होतं. तेव्हा पलंगावरून तीच डॉक्टरांना म्हणाली होती, "टाकू नका. पेशी वाढवायला कमी पडेल."

मॅडमना पेन सापडलं होतं.

"मॅडम, सही करू नका."

"का गं? आता काय राहिलं?"

तिनं तक्ता त्यांच्याकडे फिरवला. बोट तिथंच होतं.

"यात बाळ कुठेच नाही. ही सगळी मीच आहे."