बाबांच्या बुटांची टाच

माणूस गेला की संपलं, पुढे काही नसतं, हे माझं ठाम मत. बाबा गेले तेव्हा आईलाही मी तेच सांगितलं. त्यांचे फिरायला जायचे बूट मात्र टाकवेनात. नवी टाच बसवून आणली आणि ते दारामागे ठेवून दिले.

घरात ते दुसऱ्या कुणाच्या पायात बसत नाहीत.

आज कुणाला तरी देऊन टाकावेत म्हणून काढले, तर डावी टाच बाहेरच्या बाजूने पार झिजलेली.

कोपऱ्यावरच्या बूटवाल्याने ते उलटे करून पाहिले. "तीच तिरकी चाल. बाबांचं फिरणं वाढलंय वाटतं. बरंय, या वयात चालत राहावं."

त्याने खिळ्यांचा डबा पुढे ओढला.

"नवी टाच लावू?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं.

"लावा," मी म्हणालो, "पण संध्याकाळच्या आत द्या. त्यांची फिरायची वेळ होते."