नवा स्टार्टर

बहात्तरच्या दुष्काळात भंगारातून आणलेली गोऱ्या साहेबाची स्पोर्ट्स मोटार कुंडलिकमामांनी वर्षानुवर्षं खपून नव्यासारखी केली, पण धक्का मारल्याशिवाय ती सुरूच होत नसे. दर रविवारी मामा हाक मारायचे आणि हातमाग सोडून साखर पेठेतली अख्खी गल्ली हसत ढकलायला धावायची. मामा एकटा जीव. कुणाला त्रास देणं त्यांना नकोसं वाटायचं. म्हणून पुण्याहून नवा स्टार्टर आणून बसवला. रविवारी बटण दाबताच इंजिन गुरगुरलं. मामांनी हौसेनं मागं पाहिलं, तर गल्लीत चिटपाखरूही नव्हतं. खिडकीतून शेजारीण म्हणाली, “बरं झालं की मामा, आता कुणाची गरज न्हाय तुमाला!” पुढच्या रविवारी मामांनी स्टार्टरची वायर काढून खिशात घातली आणि हाक दिली, “अरे, या की! धक्का द्यायचाय!” दारं उघडू लागली, तशी त्यांनी खिशातली वायर घट्ट धरली.