धाकटं नाव आधी

"चुकीकडे बघू नकोस, चुकणाऱ्याकडे बघ," असं ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. एकच चूक कुणी पुन्हा पुन्हा करत असेल, तर ती चूक नसते म्हणे. तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आता तेच लेबल दुसऱ्यांदा समोर आलं होतं आणि तिला हसू येत नव्हतं.

वाइनच्या बाटलीवर द्राक्षांची नावं नियमाप्रमाणे छापलीत की नाहीत, हे तपासायचं तिचं काम. एकाच जातीचं नाव छापायचं, तर शंभरातले पंच्याऐंशी भाग तरी त्या जातीचे हवेत. दोन-तीन नावं छापायची, तर जिचा वाटा मोठा तिचं नाव आधी. या वायनरीच्या टाकीत शिराझ साठ, काबर्ने तीस आणि मेर्लो जेमतेम दहा. आणि लेबलवर पहिलं नाव मेर्लोचं, तेही ठसठशीत.

पहिल्यांदा तिने शेरा मारून लेबल परत पाठवलं. दुसऱ्यांदा ते जसंच्या तसं आलं. कारणाच्या रकान्यात बाईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्याकडे आधी धाकट्याला वाढतात.'

तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. "रिकामटेकडी दिसतेय," एवढंच तो म्हणाला.

छकुली झाल्यापासून ती घरूनच काम करत होती. सोय चोख होती. लेबलांचा गठ्ठा नवराच ऑफिसातून आणायचा आणि तोच पोचवायचा. जाताना बाहेरून कुलूप घालायचा, कारण आतली कडी नीट बसत नव्हती आणि छकुली रांगत थेट जिन्याकडे सुटायची. दिवसा वाजून पोरीची झोप मोडायला नको म्हणून फोनही तोच बरोबर न्यायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारीण खिडकीतून म्हणायची. ती हो म्हणायची.

दुसऱ्यांदा लेबल नाकारलं की वायनरीला फोन करून कारण सांगायचं, असा नियम होता. संध्याकाळी नवऱ्याने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला, म्हणजे तिचे हात पोरीला मोकळे. पलीकडून कारण लिहिणारी लेबलवाली बाई बोलली. मेर्लोचं नाव आधी का चालणार नाही, ते तिने बाईला समजावलं. बाईने ऐकून घेतलं, पण मधेच दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्हाला आत्ता बोलता येतंय ना?"

"हो, बोला की."

छकुलीने रडायला तेवढ्यात सूर लावला.

"तिसऱ्यांदा चुकलं तर कागद कुणाकडे जातो?" बाईने विचारलं.

"थेट मोठ्या बाईंच्या टेबलावर. मग लेबल नाकारणाऱ्यानेच तिथे येऊन टाकीतला नमुना काढायचा."

"म्हणजे तुम्हीच याल?"

"मीच."

"बाळाला घरी ठेवू नका हं. इथे सावली आहे."

"पुरे आता," म्हणत नवऱ्याने फोन बंद केला.

ते बोलणं तिच्या मनातून जाईना. लंगोटांच्या घड्या घालताना, खिमट भरवताना तोच दबका आवाज कानात घुमत राहायचा. बाई अशी कधी बोलते, ते तिला नेमकं कळत होतं. जवळ कुणी ऐकत असलं की. शब्द मोजून, एकेक तपासून. त्या बाईला तिथे कुणीतरी डांबून ठेवलं असणार, आणि बाहेरचं माणूस आत यावं म्हणून ती बिचारी मुद्दाम चुकत असणार. मोठ्या बाईंचं बोलणं आता कुठे तिला पटलं.

लेबल तिसऱ्यांदा चुकलं. मोठ्या बाईंचा लेखी हुकूम आला, तपासणीला जावं. नवरा कुरकुरला, जमणार नाही असं कळवून टाकतो म्हणाला. पण हजर न राहिल्यास ऑफिसचा माणूस घरी येईल, अशी शेवटी ओळ होती. ती त्याने दोनदा वाचली आणि रजा काढली. छकुली अंगावर पिणारी, तिला मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता.

वायनरीच्या फाटकावर रखवालदाराने हात आडवा केला. नमुना काढताना तळघरात फक्त तपासणारे, दुसरं कुणी नाही.

"वीस मिनिटं," नवरा तिला म्हणाला. "मी इथेच आहे."

ती छकुलीला कडेवर घेऊन पायऱ्या उतरली. खाली गारठा होता आणि आंबलेला वास. टाक्यांच्या रांगेपाशी लेबलवाली उभी होती, पन्नाशीची, बोटांना वाळलेला डिंक. तिने जाऊन पायऱ्यांकडचं लोखंडी दार आतून लावून घेतलं.

वेळ थोडा होता. तिने बाईचा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"घाबरू नका. तुम्हाला इथे कुणी कोंडून ठेवलंय का? मला सांगा. मी तुम्हाला बाहेर काढते."

लेबलवालीचे डोळे भरून आले. तिने छकुलीच्या पायावरून हात फिरवला.

टाक्यांच्या मागे आणखी एक दार होतं, मागच्या रस्त्यावर उघडणारं. ते सताड उघडं होतं. बाहेर गाडी सुरू करून मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांचं इथे काय काम, तिला उलगडेना.

"ताई, हा तिसरा अर्ज," लेबलवाली म्हणाली आणि तिने कागद पुढे केला. "हा तुमच्या घरी आलाच नाही. कारणाचा रकाना वाचा."

तेच वळणदार अक्षर होतं.

'चूक तिन्ही वेळा मुद्दाम केली आहे. ही लेबलं परत पाठवणाऱ्या बाईंना त्यांच्या घरात कोंडून ठेवलंय, असं मला वाटतं; कधीही फोन केला तरी नवराच उचलतो. त्यांना स्वतःला अजून ते कळलेलं दिसत नाही. कृपया कुणीतरी त्यांची चौकशी करा.'