गाडीसाठी फोन

"प्लग इंजिनाला टेकव आन् किक मार. ठिणगी पडती का?"

मोबाईल गाडीच्या सीटवर उताणा पडला होता. त्यातून सोमनाथचा आवाज येत होता, थेट चाकणहून. इकडं पाली गावात, शेळ्यांच्या गोठ्याशेजारी, त्याची बायको शिवकन्या पदर खोचून त्याच्या जुन्या मोटरसायकलशी झगडत होती. तिनं वायर लावलेला प्लग इंजिनाला टेकवला आणि किक मारली.

"न्हाई पडत."

"चावी चालू हाय ना?"

"हाय की."

"मंग परत मार."

तिनं परत मारली. ठिणगी नाहीच.

सोमनाथ कंपनीत लागला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. गाडी रोज चालू करत जा, न्हाईतर कार्बोरेटर जाम होतो, असं त्यानं जाताना बजावलं होतं. बायकोबद्दल असं काही त्यानं कुणाला बजावलं नव्हतं. सुरुवातीला रोज फोन यायचा. मग आठवड्यातून एकदा, मग सणावाराला. शिवकन्यानं आपणहून केला, तर 'ड्युटीवर हाय' म्हणून ठेवून द्यायचा. ती तापानं फणफणली होती तेव्हाही तो ड्युटीवरच होता.

गेल्या पावसाळ्यात गाडी बंद पडली. तिनं घाबरत घाबरत कळवलं आणि हा गडी अर्धा तास बोलला! कार्बोरेटर कसा खोलायचा, खालच्या वाटीतला कचरा कसा धुवायचा, जेटच्या बारक्या भोकात फुंकर कशी मारायची, सगळं समजावून सांगितलं. "तार घालू नको बरं का, भोक मोठं होतंय," हे तो इतक्या मायेनं म्हणाला, की तिचे डोळे भरून आले. गाडी चालू झाली तेव्हा फोनवर इंजिनाचा आवाज ऐकून तो हसला. "लई हुशार झालीस," म्हणाला. लग्न झाल्यापासून असं त्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

तेव्हापासून गाडीच्या मागं साडेसातीच लागली. कधी प्लग काळा पडायचा, कधी चोक अडकायचा, कधी पेट्रोलच उतरायचं नाही. सोमनाथ सांगायचा, शिवकन्या करायची. दोन-चार दिवसांनी गाडी ताळ्यावर यायची आणि आठवडा सरायच्या आत पुन्हा रुसायची.

आज मात्र सोमनाथ वैतागला.

"कॉईल गेली म्हणायची आता. किती जीव घालायचा त्या खटाऱ्यात? इकून टाक."

शिवकन्याचा हात थांबला. "आवो, तुमची लाडकी गाडी हाय ती. नारायणगडाला दर्शनाला गेलतो आपण हिच्यावर."

"गेलतो तवा गेलतो. मी काय आता तिकडं येत न्हाई तिच्यावर बसायला. आन् हे बघ, गाडीसाठी सारखा सारखा फोन नको करत जाऊ."

"मंग कशासाठी करू?"

पलीकडून कुठल्याशा मशीनचा घरघराट ऐकू आला. मग घरघराट थांबला. त्यानं फोन ठेवला होता.

तिची सासू रतनबाई दुधाचं भांडं घेऊन गोठ्यातून बाहेर आली. सुनेचं तोंड उतरलेलं तिनं पाहिलं.

"कावून बसलीस गं अशी? काय म्हणला सोमा?"

"इकून टाक म्हणले."

"आता गं बया! बंद गाडी कोण घेतंय?"

शिवकन्या गाडीकडं वळली. तिनं प्लग पुसून जागेवर बसवला, वायर लावली. मंगळसूत्राच्या पिनेला अडकवलेली चावी काढली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गाडीला लावून फिरवली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली, रोज सकाळी सासू शेळ्या घेऊन धरणाकडं गेल्यावर व्हायची तशी.