अडीच फुटांची नोटीस

नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांची एकच तक्रार असे, की हल्लीच्या पोरांना देशाचं काही पडलेलं नाही. आपल्या दोन्ही मुलींच्या मात्र त्यांनी लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "आधी देश, मग घर."

थोरली नगरपालिकेत अधिकारी झाली आणि पहिल्याच महिन्यात तिने सकाळच्या चहाबरोबर त्यांच्या हातात एक कागद ठेवला. घरासमोरची गाडीची शेड रस्त्यावर अडीच फूट पुढे आली होती आणि ती सात दिवसांत काढायची होती.

"अगं, मी बाप आहे तुझा," सर म्हणाले.

"हो, म्हणून तर नोटीस पोस्टाने न पाठवता हातात दिली. इथे सही करा, बाबा."

आईने हसू लपवायला कपबशा विसळायला घेतल्या. सरांनी लेकीशी अबोला धरला, ओळखीच्या दोघातिघांना फोन करून पाहिले, पण डाळ शिजली नाही. सातव्या दिवशी शेड उतरली. शेजारी मुद्दाम येऊन सांगून गेले, "मानलं सर, संस्कार असावेत तर असे." सर कसंनुसं हसले.

त्याच संध्याकाळी दहावीतली धाकटी पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, नागरिकांच्या कर्तव्यांचा हा धडा जरा समजावून सांगा ना."

सरांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि अलगद मिटलं.

 

"तो परीक्षेला येत नाही. सोडून दे."